माह्या नावाची गाठ

नाही, आधी चप्पल बाहेर काढ, फरशी आताच पुसून घेतली आहे— अन् ते पिशवी टेबलावर नको ठेवू, खाली ठेव, खाली. हां. आता पुन्हा सांग, फाटकातून काय म्हणली तू? कागद पाहिजे. कोनता कागद? माह्या नावाचा. माह्याच घरी येऊन, माह्याच खुर्चीवर बसून माह्याच नावाचा कागद मागते, अन् तोंड असं करून मागते जसा मी तो तुह्या पेटीतून काढून आणला. नागसेनले माहीत आहे का तू इथं आली ते? नाही ना? वाटलंच मले, मित्राबाई. नवऱ्याले न सांगता उकव्याहून बस पकडली, दोन घंटे हलत-हलत आली मोठ्या जावेच्या दारात. सासू गेल्यापासून पाच वर्षांत किती वेळा आली, मोज बरं. रचनाच्या लग्नाले आली ते बी पंगतीतून उठून सरळ बसस्टँडवर. अन् आज येते, एकटी, कागदासाठी.

ते घरी नाहीत. तिकडं आत काहून पाहते, नाहीत म्हटलं ना. पेन्शनसाठी जिवंत असल्याचा दाखला द्याले गेले, नोव्हेंबर आहे ना हा— दरवर्षी जा, मशीनवर अंगठा ठेवा, अन् सांगा का बाबा मी मेलो नाही. अकराचे गेले आहेत. आता तीन वाजून राह्यले. एवढा वेळ लागते का अंगठ्याले? नाही लागत. तू येणार हे त्यांले माहीत होतं, म्हणून गेले. त्यांनीच सांगितलं ना तुले सगळं, फोनवर? हौ, मान नको हलवू, मी ओळखते माह्या नवऱ्याले. सोळा वर्षं तोंडातून शब्द नाही निघाला, अन् तुहा एक फोन काय आला तं भडाभडा. पानी पाहिजे का? ते माठ आहे तिथं, घे हातानं. मी उठत नाही. मले उठ-बस होत नाही जास्त.

बरं, वाच काय लिहिलं आहे तुह्या गोंदियाच्या डॉक्टरनं. राहू दे, मलेच दे, तुले इंग्रजी येत नाही, मले बी येत नाही, पण ह्या जातीचा कागद मले वाचता येते. हे पाह्य— लेफ्ट किडनी. लोअर पोल. चार पॉइंट आठ. आंऽ, चार पॉइंट आठ सेंटीमीटर. मोठी झाली. अन् हे काय, वन थिन सेप्टा— म्हणजे मधात एक पडदा आला आहे. आधी नव्हता पडदा. मले कसं माहीत? मले माहीत आहे. अन् तो म्हणला का जुना कागद असला तं आणा. जुन्या कागदात गाठ असली, लहान असली, हळूहळू वाढलेली असली तं काही करायचं नाही, वर्षातून एकदा पाहून घ्यायचं, जाऊन घरी आराम. अन् जुनी नसली, नवीनच एवढी मोठी होऊन बसली असली, तं मग नागपूर, मोठी मशीन, इंजेक्शन देऊन फोटो, अन् त्यात जर वेगळं काही दिसलं तं कापाकापी. एवढंच ना? एवढ्यासाठी रडून-रडून डोळे सुजवून आली. पुस तोंड. माह्यासमोर रडून फायदा नाही, मी काही तुही सासू नव्हे.

तू त्याले काय सांगितलं पण? डॉक्टरनं विचारलं असन ना, आधी कधी सोनोग्राफी झाली का म्हणून. तू म्हणली असशीन हौ, दोन हजार नऊमध्ये झाली, बालाघाटले, जेठाच्या कार्डावर, जावेच्या नावानं. असं सांगितलं? डॉक्टरले? तोंडावर? अव्वा. म्हणजे आता गोंदियापर्यंत माहीत झालं का आमचे मेश्राम लोक कार्डावर दुसऱ्याची बाई नेतात.

हे पाह्य मित्रा, गोष्ट सुरुवातीपासून सांगू दे, कारण तू ती उलटी करून सांगत असशीन सगळ्याइले. खदानीचं फुकट दवाखान्याचं कार्ड कोनाचं होतं? ह्यांचं. त्याच्यावर नावं कोनाची होती? खेमराज मेश्राम, त्याची बायको पुष्पलता, आई चंपाबाई, पोरगी रचना. बस. त्यात भावाच्या बायकोचं नाव लिहाले जागा नव्हती. नागसेन ठेकेदाराकडं होता, ठेकेदारवाल्याइले कार्ड नसते, हे काही मी बनवलेला कायदा नाही. अर्धी कॉलनी करत होती तसं, माहीत आहे मले, साळीले बायको बनवून न्यायचं, मावशीले आई बनवून न्यायचं, फोटो एवढासा काळाकुट्ट, कोन पाहते— पण माह्या घरात नाही म्हटलं मी. साफ नाही म्हटलं. हे आले होते विचाराले, का तिच्या डाव्या अंगाले दुखते, रात्री कण्हते, नागसेन घाबरला आहे, एकदा फोटो काढून आणू का तुह्या नावावर. मी म्हटलं, सत्तावीस वर्षांची घोडी, लगन होऊन दोन वर्षं नाही झाले, तिले काय दुखते? पानी भराची वेळ झाली का दुखते, सडा टाकाची वेळ झाली का दुखते. बहाने आहेत. कामाच्या वेळेले दुखणं काढणाऱ्या बाया मी पाहिल्या नाहीत का?

म्हटलं. हौ, म्हटलं मी तसं. तुले आठवते? आठवन. मी काही लपवून नाही म्हटलं, ओट्यावर उभी राहून म्हटलं, सगळ्या लाईनीले ऐकू गेलं.

तरी नेलं ह्यांनी. मले न सांगता. मी माहेरी गेली होती कटंगीले, चार दिवस, तेवढ्यात नेलं तुले बालाघाटले. अन् तू गेली. हे मी कधी विसरणार नाही— तू गेली. तिथं आवाज दिला असन ना, पुष्पलता मेश्राम कोन आहे, तं तू उठली. मी नाही उठली. तू उठली, हौ म्हणली, टेबलावर झोपली, पोट उघडं केलं, माह्या नावानं. मग सांग, चोर कोन?

आता म्हणते मले काय माहीत होतं, मले तं सांगितलं गॅस आहे म्हणून. ते ह्यांनी सांगितलं तुले. अन् ह्यांले डॉक्टरनं सांगितलं का पान्याची गाठ आहे किडनीत, साधी आहे, उमर झाली का येते, सोडून द्या. उमर झाली का येते. कोनाची उमर? कार्डावर माही उमर लिहिली होती ना, त्रेचाळीस. तो बिचारा कागद पाहून बोलला. त्रेचाळीसच्या बाईले असं असते, काही विशेष नाही— असं म्हणला. हे बी खुश झाले, का काही विशेष नाही तं कशाले सांगा, घरात बोंब होईन, पुष्पी माहेराहून आली का अंगावर येईन. गॅस म्हणून सांगितलं अन् कागद घडी करून फाइलीत टाकला. माह्या फाइलीत. माहं नाव होतं ना त्याच्यावर.

त्याच्या दोन हप्त्यांआधी माही बी झाली होती सोनोग्राफी, पोटाचीच, पित्ताचं काहीतरी होतं. तो कागद आणाले हे गेलेच नाही म्हणे कधी. हे मले आता समजलं, ह्या मार्चात. तेव्हा मी काय समजली? रचना अकरावीत होती, सायन्स, तिनं एक दिवस फाइल काढली अन् म्हणली, "मम्मी, तुम्हारी लेफ्ट किडनी में सिस्ट है।" मी म्हटलं सिस्ट म्हणजे काय. म्हणे गांठ. माह्या हातातली परात खाली पडली. तू बी होती तिथं. आठवते? तूच ते पीठ गोळा केलं. तुहीच गाठ, तुहाच कागद, अन् तू खाली बसून पीठ गोळा करत होती, अन् मले म्हणत होती, घाबरू नका बाई, तुम्ही पडा, मी करते सैपाक.

अन् हे तिथंच उभे होते. हात पुसत. एक शब्द नाही बोलले. बोलले असते तं म्हणा लागलं असतं का हा कागद तुहा नाही, हिचा आहे, मी हिले तुह्या नावावर नेलं. तेवढी हिंमत नव्हती. खदानीत दोनशे मानसाइची हाजरी घेणारा मानूस, बायकोसमोर त्याची बोबडी वळली, अन् मग आज सांगू, उद्या सांगू करता-करता सोळा वर्षं.

मी काय-काय नाही केलं त्या गाठीसाठी. कुळथीचं पानी. सकाळ-संध्याकाळ, एवढं वाटीभर, गिळवत नाही ते. टमाटर सोडलं. पालक सोडली. वांगं सोडलं, ते काहून सोडलं आता आठवत नाही, कोनीतरी सांगितलं. मीठ कमी. भरलेली बालटी सोळा वर्षांत उचलली नाही. तो कागद मी लॅमिनेशन करून आणला होता कचेरीजवळून, का घडीवर फाटू नये म्हणून— चौदा एप्रिलच्या भोजनदानाले सगळ्या बाया भाजी चिरत बसल्या का माह्यासाठी प्लास्टिकची खुर्ची यायची समोर, पुष्पाबाई तुम्ही बसा, तुम्हाले किडनीचं आहे. विहारात खाली बसली नाही मी, भिंतीले खुर्ची. दीक्षाभूमीले एकदाच गेली, गर्दीत उभं राहवलं नसतं. तू पाहत होती ना सगळं? कधी वाटलं नाही तुले, का आपलं बी डावीकडं दुखत होतं, आपल्याले बी त्याच टेबलावर झोपवलं होतं? नाही वाटलं? एवढी भोळी आहे का तू? मले नाही पटत. मले वाटते तुले वाटलं असन, अन् तू चूप राहिली.

नाही? खा शपथ. राहू दे, नको खाऊ.

सासूचं काढू नको. तेच काढणार होती ना, ओठ हलले तुहे. काढ मग. बोल. सहा वर्षं बिछान्यावर होती, तू केलं. खुबा मोडला तिचा चौदा साली, अन् आमचं तेव्हाच इथं घर बांधून झालं होतं, आम्ही इकडं आलो, ती तिकडं राहिली तुह्याजवळ उकव्याले. मी काय म्हटलं होतं? मी म्हटलं, मले उचल-टाक होत नाही, मले किडनीचं आहे. खोटं म्हटलं का? कागद होता माह्याजवळ. पंचेचाळीस किलोची बाई, दिवसातून चार वेळा कुशीवर करायची, पलटवायची, टब आणायचा, नेऊन टाकायचा— तू करत होती. मी इथून फोन करत होती. रोज नाही, पण करत होती. अन् ती तुही चंपाबाई, ती फोनवर मले काय म्हणायची माहीत आहे? म्हणे, पुष्पा, तू येऊ नको, तुले जपा लागते, मित्रा तरणी आहे, तिच्या अंगात ताकद आहे. तिनंच म्हटलं. मी नाही म्हटलं.

आता तू म्हणशीन का गाठ तुह्यात होती अन् उचलत बी तूच होती. हौ, होती. मग काय करू मी त्याले? उचलल्यानं गाठ वाढत नाही. विचार तुह्या डॉक्टरले. माहीत आहे मले, मी विचारलं आहे. ते उमरीनं वाढते, ओझ्यानं नाही.

कोनाले विचारलं म्हणजे? त्या सोनोग्राफीवाल्या बाईले. मार्चात. बस, सांगतेच आता, तुले ह्यांनी सांगितलंच असन. मले बीपी आहे, तं इथल्या डॉक्टरनं म्हटलं एकदा पोटाचा फोटो काढून घ्या. गेली. लहान पोरगीच आहे ती, चष्मा, रचनापेक्षा लहान. फिरवला तिनं तो थंडा-थंडा गोळा पोटावरून अन् म्हणे, "दोनों किडनी बढ़िया हैं, अम्मा।" मी म्हटलं, नीट पाहा. डावी पाहा. खाली आहे. तिनं पुन्हा पाहिलं. मी म्हटलं, मले कुशीवर करा, कुशीवर दिसते. कुशीवर केलं, श्वास धरा म्हणली, धरला, सोडा म्हणली, सोडला. काही नाही. मले राग आला. मी म्हटलं तुमची मशीन खराब आहे, अन् पिशवीतून लॅमिनेशनचा कागद काढून तिच्या समोर ठेवला. तिनं वाचला. मग खुर्ची फिरवून माह्याकडं तोंड करून बसली अन् हळू आवाजात सांगितलं, जसं कोनी मेल्यावर सांगते तसं.

म्हणे, अम्मा, साध्या गाठीचं असं असते. लहानपणी नसते, तिशीच्या आत क्वचितच कोनाले, पन्नाशीत चार-पाचात एकाले, सत्तरीच्या म्हाताऱ्याइमध्ये तं अर्ध्याइले सापडते. अन् एकदा आली का वर्षाले थोडी-थोडी वाढते, दीड-दोन मिलीमीटर, एकाच्या दोन होतात, दोनच्या तीन. तरण्या मानसाची जरा जास्त लवकर वाढते, म्हाताऱ्याची हळू. "उमर के साथ बढ़ता है, अम्मा। घटता नहीं।" मी म्हटलं, फुटली असन. म्हणे, फुटते कधी-कधी, पण तुमच्यात तं तिची निशाणीच नाही कुठं. मी म्हटलं, मी सोळा वर्षं कुळथीचं पानी पेलं. ती हसली नाही. हसली असती तं बरं झालं असतं. ती म्हणली, "ये रिपोर्ट आपका नहीं है।"

घरी आली तं ह्यांले विचारलं. तेव्हा सांगितलं. भिंतीकडं तोंड करून सांगितलं.

हौ, मार्च. आता नोव्हेंबर. आठ महिने झाले, मोजता येते मले बी. आठ महिने मले माहीत आहे का गाठ तुह्यात आहे. काहून नाही सांगितलं? कसं सांगणार होती? फोन लावून म्हणू, मित्रा, ते जे मले होतं ना ते तुले होतं? मग तू विचारलं असतं का मग बाई तुम्हाले काय होतं. नाही, विचारलं असतं. नागसेननं विचारलं असतं. रचनाच्या सासरी माहीत झालं असतं, विहारातल्या बाया खुर्चीकडं पाहून हसल्या असत्या. अन् ह्यांनीच म्हटलं, साधी गाठ आहे, काही होत नाही तिनं, राहू दे चूप. मी त्यांले म्हटलं ते का ह्यांनी मले म्हटलं, आता आठवत नाही. कोनीतरी म्हटलं.

आता एक गोष्ट सांगते, ती पोरगी बोलली ते तुले कोनी सांगितलं नसन. मी तिले विचारलं, सहज, दुसऱ्याचं म्हणून— का सत्तावीस वर्षांच्या पोरीले अशी गाठ असली तं? तं ती म्हणली, सत्तावीसले असली तं डॉक्टर असं सोडून नाही देत. विचारतो, आई-बापाले आहे का, वर्षानं पुन्हा ये म्हणतो, पाहत राहतो. त्रेचाळीस लिहिलेलं असलं तं सोडून देतो. म्हणजे समजलं का तुले? तुले त्या दिवशी खरी उमर सांगितली असती तं तुही वर्षोवर्षी तपासणी झाली असती. माह्या नावानं तुले फुकटात सोनोग्राफी मिळाली, अन् माह्याच उमरीनं तुले घरी पाठवून दिलं. आता कितीची आहे तू? त्रेचाळीस ना? हं. आता जुळली उमर.

अशी काहून पाहते माह्याकडं? मी नाही लिहिली ती उमर.

कागद, कागद, कागद. किती वेळा म्हणशीन. नाही आहे. फाइल पाहाची आहे? ते पाह्य कपाटात, निळी, काढ अन् पाह्य, रचनाच्या लग्नाच्या पावत्या आहेत अन् गॅसचं पुस्तक. मी जाळला तो. मार्चातच. मागच्या अंगणात पाला जाळत होती दुपारची, त्यात टाकला. लॅमिनेशन केलेला होता, लवकर जळेना, गोळा झाला, अन् असा वास सुटला प्लास्टिकचा का शेजारचा ओरडला, काय जाळून राह्यले म्हणून. अन् बालाघाटच्या त्या जुन्या सोनोग्राफीवाल्याकडं बी जाऊ नको, ते दुकान बंद होऊन सात वर्षं झाले, तिथं आता मोबाईलवाला बसते. हे पाहून आले. हौ, गेले होते, मले न सांगता गेले होते तुह्यासाठी शोधाले. रजिस्टर-फजिस्टर सगळं रद्दीत गेलं.

तं आता झालं ना? कागद नाही, दुकान नाही. जा नागपूरले, घे इंजेक्शन, काढ मोठा फोटो. बाकीचे लोक नाही जात का? काही निघणार नाही. साधीच होती ती. मले माहीत आहे. सोळा वर्षं ऐकला मी तो कागद, रचनानं वाचला, तिच्या मैत्रिणीनं वाचला, मेडिकलवाल्यानं वाचला, त्रिसरण जसं पाठ आहे तसा पाठ आहे मले. लेफ्ट किडनी, लोअर पोल, सिंपल सिस्ट, टू पॉइंट टू बाय टू पॉइंट झिरो सेंटीमीटर. वॉल थिन. नो सेप्टा. नो कॅल्सिफिकेशन. नो सॉलिड पार्ट. राइट किडनी नॉर्मल. तारीख अठरा नोव्हेंबर. दोन पॉइंट दोनची सोळा वर्षांत चार पॉइंट आठ, मग हिशेब लाव, वर्षाले दीड मिलीमीटरच पडते— साधीच आहे, हळूहळूच वाढली आहे, पडदा तेवढा नवीन आहे अन् तो बी पातळ आहे...

काय करून राह्यली तू? लिहून काहून राह्यली? हातावर लिहून राह्यली तू? पेन ठेव. मित्रा, पेन ठेव खाली. पुसून टाक ते.

ते लिहून काय फायदा. हातावर लिहिलेलं डॉक्टर मानते का. तो म्हणन, कोनाचं आहे हे, कागद कुठं आहे, कोनी सांगितलं. मी? मी येऊ तुह्यासंगं गोंदियाले? डॉक्टरसमोर उभी राहू अन् सांगू का साहेब, नाव माहं होतं अन् पोट हिचं होतं, कागद मी पाठ केला अन् मग जाळला? अन् मग तो चष्मा काढून विचारन का बाई, सोळा वर्षं तुम्ही काय समजत होत्या? नाही. मी येणार नाही. बोलली ना एकदा. माहं बी कार्ड आहे अजून, रिटायरचं, ते गेलं तं माह्या गोळ्या कोन आणन. अन् तुह्यासाठी मी काहून येऊ, तू आली होती का मले कधी—

आली होती. हौ. बरोबर आहे. रचनाच्या बाळंतपणात आली होती. महिनाभर होती. झालं, ऐकलं मी, पुन्हा नको सांगू.

मी नाही येणार तरी.

काय? हळू काय बोलते, जोरानं बोल. कधी दुखलं का? मले? हे विचाराले आली होती तू दोन घंटे बसमध्ये बसून? काय समजते तू, का मी बहाने केले? का पानी भराची वेळ झाली का मले दुखायचं, चंपाबाईले पलटवाची वेळ झाली का दुखायचं? असंच म्हणाचं आहे ना तुले? तोंडानं म्हण ना मग.

दुखत होतं, मित्रा. हे इथं, डावीकडं, बरगडीच्या खाली. रोज. परात पडली त्या दिवसापासून दुखत होतं. त्या पोरीनं काही नाही म्हणून सांगितलं, टेबलावरून उतरताना बी दुखलं. कागद जाळून हात धुतले, तेव्हा बी. अन् आता तू आली तेव्हापासून इतकं दुखून राह्यलं का मले खुर्चीतून उठवत नाही, अन् तिथं काही नाही. काहीच नाही तिथं. सांग, कोनत्या डॉक्टरले दाखवू मी हे?

उचल तुही पिशवी. पाच वाजताची बस आहे, ती चुकली तं इथं मुक्काम नाही. ह्यांची वाट नको पाहू, तू गेल्याबिगर ते येणार नाहीत. जा. अन् फाटकाची कडी बाहेरून लावजो, मी उठत नाही.